घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही : ओएनटी ब्रिज मोडवर घ्यावा की नवा राउटर आणावा?

ऐरोलीकर

नमस्कार. ऐरोलीतल्या आमच्या घरी एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फोटो-फाइली ठेवण्याचे सॉफ्टवेअर) बसवून मी घरगुती सर्व्हर उभा केला आहे. ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या आई-बाबांना नातवंडांचे फोटो त्यांच्या टॅबवर पाहता यावेत, एवढाच मूळ हेतू आहे. घरातल्या वायफायवर सगळे सुरळीत चालते. बाहेरून मात्र काहीच उघडत नाही.

मांडणी अशी आहे. फायबर दारावरच्या पत्र्याच्या पेटीतल्या ओएनटीमध्ये (फायबर जिथे संपते त्या कंपनीच्या उपकरणात) येते, तिथून एक केबल हॉलमधल्या माझ्या राउटरला जाते आणि लॅपटॉप त्या राउटरला जोडलेला आहे. लॅपटॉपचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला, ४४३ क्रमांकाचे पोर्ट (सुरक्षित वेब पानांचा दरवाजा) ओएनटी आणि राउटर अशा दोन्ही ठिकाणी पुढे वळवले, डायनॅमिक डीएनएसही (बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणारी सोय) लावले. तरीही मोबाइल डेटावरून पाहिले की पान बराच वेळ फिरत राहते आणि शेवटी नुसता वेळ संपल्याचा संदेश येतो. दुकानदार महागडा राउटर सुचवतो आहे. ओएनटी ब्रिज मोडवर (म्हणजे तो जोडणी नुसती पुढे देईल) टाकून घ्यावा, डीएमझेड (बाहेरून येणारे सगळे एकाच उपकरणाकडे वळवणे) वापरावे, की खरोखरच राउटर बदलावा?

घोडबंदरवासी

राउटरवर पैसे घालण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपीव्ही४ पत्ता दिलेला असतो, तो कागदावर उतरवून घ्या आणि ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे निघाले आणि ओएनटीवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे, म्हणजे सीजीनॅटमागे आहात. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. आशिया-प्रशांत विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या राखीव गटापर्यंत आला, आणि २०१२ मध्ये हा १००.६४ चा पट्टा खास या कामासाठी बाजूला काढण्यात आला. तुम्ही दोन दरवाजे उघडले आहेत, पण तिसरा कंपनीकडे आहे आणि त्याची किल्ली तुम्हाला मिळत नाही. अशा वेळी ब्रिज मोड असो वा डीएमझेड, आयपीव्ही४ वरून बाहेरचा माणूस तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही.

ऐरोलीकर

आपले निदान बरोबर निघाले, पत्ता १००.८१ ने सुरू होतो. पोर्टशी झटापट करण्यात माझ्या दोन संध्याकाळी फुकट गेल्या. स्थिर सार्वजनिक पत्ता वेगळे वार्षिक शुल्क भरून मिळतो असे समजले, पण केवळ फोटोंसाठी तो खर्च पटत नाही. त्याच पानावर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) च्या रकान्यात २ ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ताही दिसतो. त्याचा काही उपयोग होईल का?

वाशीकर

होईल, आणि म्हणूनच ब्रिज मोड मी सरसकट बाद करणार नाही. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो; पोर्ट वळवावे लागत नाही, फायरवॉलमध्ये नेमकी परवानगी दिली की पुरते. अडचण एवढीच की ओएनटी पत्त्यांचा गट पुष्कळदा स्वतःकडेच ठेवतो आणि मागच्या राउटरला देत नाही. ब्रिज मोडवर तो गट थेट तुमच्या राउटरला मागता येतो. मात्र बदल करण्यापूर्वी ओएनटीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवा. पीपीपीओईचे (कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याचे) वापरकर्ता नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (जोडणीच्या वेगळ्या वाहिनीचा) क्रमांक हाताशी नसताना मी एकदा तो बदल केला आणि शनिवार-रविवार सबंध घर इंटरनेटविना राहिले. लँडलाइन ओएनटीवर असेल तर ती बंद पडण्याचीही शक्यता असते. शिवाय नौपाड्याच्या जोडणीवर आयपीव्ही६ नसेल, तर हा सगळा खटाटोप तुमच्या कामाचा नाही.

घोडबंदरवासी

याच शेवटच्या वाक्यासाठी मी सोपा मार्ग सुचवतो : टेलस्केल, म्हणजे आपली उपकरणे एका खासगी जाळ्यात जोडणारे अ‍ॅप. सर्व्हर आणि टॅब दोघेही आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. थेट मार्ग जुळला नाही तर माहिती मधल्या सर्व्हरवरून, पण कूटबद्ध होऊनच जाते. ओएनटीला हात लावण्याची गरज नाही आणि दुहेरी नॅटही (ओएनटी आणि राउटर दोघांनीही पत्ते बदलणे) तसेच राहू द्या. गंमत म्हणजे टेलस्केलही आपल्या उपकरणांना त्याच १००.६४ च्या पट्ट्यातले पत्ते देते, तेव्हा उद्या ते पाहून पुन्हा घाबरू नका. उघडी ठेवलेली ४४३ ची पोर्टे मात्र आजच बंद करा आणि यूपीएनपीही (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद ठेवा.

पुढे कधी सार्वजनिक पत्ता घेऊन साधे वायरगार्ड (स्वतः चालवायचे व्हीपीएन) लावणार असाल, तर घरचे जाळे १९२.१६८.१ वरून आत्ताच हलवा. नौपाड्याच्या राउटरवरही हाच क्रमांक असेल, तर टॅब ऐरोलीचा सर्व्हर नौपाड्याच्याच घरात शोधत बसेल.

खारघरहून

राउटरइतकीच त्या लॅपटॉपची काळजी घ्या. माझा लॅपटॉप दोन उन्हाळे अखंड चार्जिंगवर होता आणि पत्र्याच्या पेटीवरच्या फळीवर ठेवलेला होता. एके दिवशी टचपॅडचे बटण दबेना म्हणून उलटा करून पाहिला, तर बॅटरी पापडासारखी फुगून तिने खालचे झाकण उचलले होते. बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा घालण्याची सोय असेल तर ती ६० ते ८० टक्क्यांवर ठेवा. वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो, पण ओएनटी आणि राउटर बंद पडतात. त्यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो, फक्त अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर आधी वाचून घ्या. विजेचा खर्च नगण्य आहे : सरासरी १५ वॅट धरले तर महिन्याला सुमारे ११ युनिट होतात. फोटोंची दुसरी प्रत नौपाड्याच्या घरी एका डिस्कवर ठेवा, म्हणजे एका घरात काही बिघडले तरी फोटो हातचे जाणार नाहीत.

ऐरोलीकर

सर्वांचे आभार. पोर्टे बंद केली, ओएनटी होता तसाच ठेवला आणि टेलस्केल बसवले. घरचे जाळे १९२.१६८.४७ वर हलवताना प्रिंटर हरवला होता, तो सापडला. काल रात्री आईने नौपाड्याहून फोटो उघडले. बाबांच्या जुन्या फोनवर अ‍ॅप चढत नाही. रविवारी डिस्क घेऊन जाणारच आहे, तेव्हा ते पाहीन.