सिडनी–पर्थऐवजी ब्रिस्बेन–केर्न्स बघा

ऑस्ट्रेलियात सहा जणांच्या गटाने सिडनी–पर्थ 'इंडियन पॅसिफिक' रेल्वे स्वस्तातल्या खुर्चीवर बसून करावी का, असा प्रश्न एकाने विचारलाय. ती खुर्चीची सोय 2016 मध्येच बंद झाली. आता फक्त केबिन, आणि बॅकपॅकर बजेटच्या ती पार बाहेर. वाटेतल्या नलारबर मैदानातला 478 किमीचा नाकासमोर सरळ रूळ सोडावा लागतो याची हळहळ वाटेलच.

त्याऐवजी ब्रिस्बेन–केर्न्स 'स्पिरिट ऑफ क्वीन्सलँड' ही गाडी घ्या: 1681 किमी, साधारण 25 तास, साधी खुर्चीही मिळते. रूळ फक्त 1067 मिमी रुंद, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा बरेच अरुंद, त्यामुळे वेगाची अपेक्षा नको. रात्री एसी अंगावर येतो. मोठी सॅक सामानात देण्याआधी जॅकेट, मोजे, चार्जर आणि पाण्याची बाटली छोट्या पिशवीत काढून घ्या. समुद्र फारसा दिसत नाही. उत्तरेकडे खिडकीला खेटून ऊस लागतो आणि उसाच्या चिमुकल्या गाड्यांचे रूळही.

वाटेत एअरली बीच या किनाऱ्यावरच्या गावी जायचं तर प्रोसरपाइन स्टेशनला उतरायचं, पण तिथून पुढची बस आधीच ठरवा. जानेवारी ते मार्च पुराने मार्ग बंद पडू शकतो, म्हणून केर्न्सहून परतीचं विमान गाडी पोहोचते त्याच दिवसाचं अजिबात काढू नका.