पैसा देवळापुरताच नाही
इथे एकाने लिहिलंय की मुंबईकर मंडळांचा, म्हणजे कामासाठी मुंबईत गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळांचा, पैसा देवळाच्या जीर्णोद्धारात आणि शिमग्यातच जातो, गावाच्या विकासाशी त्यांचा संबंध नाही. अर्धंच पटलं. देवळावर खर्च होतो हे खरंय, पण आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीत नळ आला तो मंडळामुळेच. २००३ नंतर गावच्या पाणीपुरवठ्याच्या जलस्वराज्य योजनेत गावाने १० टक्के लोकवर्गणी भरायची अट होती, वाडीत राहिलेले बहुतेक म्हातारे आणि बायका, त्यांच्याकडे रोख कुठली, मग मुंबईत मंडळाच्या लालबागच्या खोलीत रविवारी मीटिंग बसली आणि घरटी वर्गणी ठरली, ज्याने भरली नाही त्याच्या घरी जाणती माणसं जाऊन बसली. अट गावाला होती पण पैसे उभे राहिले मुंबईत.

आणि एक गोष्ट इथे कुणीच बोललं नाही. टाकी कुठे बांधायची हेही त्या खोलीतच ठरलं. माझी आई रोज विहिरीवरून हंडे आणायची, वरच्या अंगाला पाणी कुठे चढणार नाही हे तिला पक्कं माहीत, पण मंडळात सगळे पुरुष, तिला कोण विचारतंय. शेवटच्या चार घरांना अजून मे महिन्यात पाणी येत नाही. मंडळं हवीतच हो, १९८२ च्या गिरणी संपात मनीऑर्डरी आटल्या तेव्हा याच खोल्यांनी कित्येकांना धरून ठेवलं, फक्त वर्षातली एक बैठक गणपतीत गावात घ्या, बायकांना बसवून.