७० हजारांत डिझाइन आणि गेमिंग: ४ जीबीचं ३०५० घेऊच नका, माझं मत

कळवा_खाडी: बहिणीचा इंटिरिअर डिझाइनचा कोर्स सुरू झालाय वाशीला, घरात ७० हजारांपर्यंत लॅपटॉप घ्यायचं ठरलंय आणि रात्री त्यावर गेम मी खेळणार हे तिलापण मान्य आहे. तीन रविवार दुकानं फिरलो, आता माझं ठाम मत झालंय की आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्डचं (थ्रीडी आणि गेमचं काम करणारी चिप) ४ जीबीवालं, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी असलेलं, घेऊच नका, महिनाभर थांबा, सेलची वाट बघा पण ६ जीबीचं ४०५० घ्या. रॅम बऱ्याच मॉडेलमध्ये नंतर टाकता येते, एसएसडी बदलता येते, पण लॅपटॉपचं कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, आज घेतलं तेच शेवटपर्यंत. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण हॉल उभा केला, सोफा, पडदे, फरशी सगळ्यांचे मोठे टेक्स्चर (पृष्ठभागाची चित्रं) टाकले की ४ जीबी कधी भरते कळत नाही, मग रेंडर (शेवटचं चित्र तयार होणं) एकदम स्लो नाहीतर मेमरी संपली म्हणून बंद. आणि गेम स्मूथ दिसावा म्हणून मधल्या फ्रेम स्वतःच तयार करणारं डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन ३०५० ला नाहीच.

ऐरोली_डिझाइन: नाही पटलं. मी सात वर्षं हेच काम करतेय. फोटोशॉप, इलस्ट्रेटरला जास्त करून प्रोसेसर आणि रॅम लागते. सगळे कार्डावर भांडतात आणि स्क्रीनचं कोणी विचारतच नाही. स्वस्त गेमिंग लॅपटॉपला बऱ्याचदा ४५% एनटीएससीवालं, म्हणजे कमी रंग दाखवणारं पॅनल असतं, रंग फिके दिसतात. माझा पहिला लॅपटॉप तसाच होता, लग्नपत्रिकेचा मरून मी स्क्रीनवर बघून गडद करत गेले आणि छापून आला जवळपास काळा, ८०० पत्रिका स्वतःच्या पैशाने परत छापल्या. १००% एसआरजीबी (रंगांचा नेहमीचा संच पूर्ण दाखवणारी) स्क्रीन आणि १६ जीबी रॅम आधी, कार्ड नंतर.

कळवा_खाडी: ताई, पत्रिकेचं वाचून वाईट वाटलं. पण स्क्रीनला उपाय आहे ना, घरी बाहेरचा मॉनिटर लावता येतो, कार्डाला काहीच उपाय नाही.

ऐरोली_डिझाइन: आणि मॉनिटर घेऊन ती सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये चढणार का? वर्गात सरांना रंगसंगती दाखवायची ती लॅपटॉपवरच. शिकणाऱ्या मुलीची नजर त्याच स्क्रीनवर तयार होते रे.

घणसोली_सेक्टर७: दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. नुसता नंबर बघू नका, कार्डाला किती वॅट वीज मिळते ते बघा!! एकच ४०५० कंपन्या ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही बसवतात, पातळ बॉडीत कमी वॅटवालं आलं तर नाव तेच पण दम निम्मा. दुकानात डेमो पीस चालू करून एनव्हिडिया (ही कार्डं बनवणारी कंपनी) कंट्रोल पॅनलमधे सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, तिथे मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. मला दुकानदाराने सांगितलं होतं सगळे सेम, घरी येऊन बघितलं तर ४५. अजून एक, बॅटरीवर कुठलंच कार्ड पूर्ण जोर लावत नाही, त्यामुळे वर्गात प्लग मिळतो का ते बहिणीला विचार. आणि एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर ब्लेंडर चालतं पण बरेच रेंडर प्लगइन कुडा (एनव्हिडियाच्याच कार्डांवर चालणारं तंत्र) धरूनच बनलेत, कोर्ससाठी एनव्हिडियाच.

कळवा_खाडी: वॅटचं खरंच माहीत नव्हतं, दादा थँक्यू. म्हणजे मी ज्यावर बोट ठेवलेलं तो पातळ आहे, तो परत तपासतो. पण ताई, ४ जीबीवर मी अजूनही येणार नाही.

ऐरोली_डिझाइन: ४ नको म्हणतोस ते ठीक, इंटिरिअरचं थ्रीडी आहे म्हणून तेवढं मान्य. पण ३०५० चं ६ जीबीवालंपण येतं, ते चांगल्या स्क्रीनसोबत बजेटमध्ये बसत असेल तर मी तेच घेईन, गेमचे चार फ्रेम कमी मिळाले तरी चालतील. लॅपटॉप तिच्या कोर्ससाठी आहे.

कळवा_खाडी: हे मात्र लागलं. रविवारी तिलाच घेऊन जातो दुकानात, तिचीच एक फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दोन्ही स्क्रीनवर उघडून बघू.