मार्मलेडला मराठीत मुरंबा म्हणावं का?

परवा कोथरूडला मित्राकडे बसलो होतो, त्याला ब्रेकफास्ट मार्टिनी करून द्यायची होती. लंडनच्या लेन्सबरो हॉटेलात साल्वातोरे कालाब्रेसेने १९९०च्या दशकात काढलेलं कॉकटेल, ५० मिली जिन, १५ मिली क्वांत्रो (संत्र्याच्या स्वादाचं गोड मद्य), १५ मिली लिंबाचा रस आणि एक चमचा संत्र्याचं मार्मलेड, म्हणजे सालीच्या कापांसकट केलेला जॅमसारखा प्रकार. त्याच्याही आधी १९३० साली लंडनच्याच सॅव्हॉय हॉटेलातल्या बारटेंडर हॅरी क्रॅडॉकने जिन, लिंबू आणि मार्मलेडचं कॉकटेल छापलंय, म्हणजे कल्पना जुनीच. तर मार्मलेड नव्हतं घरात, त्याच्या आईने केलेला मुरंबा होता तो घातला आणि खरंच सुरेख झालं. मग चुलत बहिणीला कृती मराठीत लिहून पाठवताना मार्मलेडपाशी अडलो. जॅम म्हटलं तर सालीचा तो कडवटपणा जातो, मुरंबा म्हटलं तर ती कैरी शोधत बसणार.

शोधल्यावर फार छान गोष्ट सापडली. मार्मलेड हा शब्द पोर्तुगीज मार्मेलो वरून आलाय, मार्मेलो म्हणजे क्विन्स नावाचं फळ, आणि मार्मेलादा म्हणजे त्याची घट्ट वडी. म्हणजे हा शब्द एका फळाचा होता आणि तो संत्र्याकडे गेला. आपला मुरंबा नेमका उलटा! मूळ अरबी मुरब्बा, कुठल्याही फळाचा, आपण अजूनही आवळ्याचा म्हणतोच की, पण आपल्या कानाला शेवटी आंबा ऐकू आला आणि तो कैरीचा होऊन बसला. दोघांनी एकमेकांच्या वाटेने प्रवास केलाय म्हणून मला वाटतं संत्र्याचा मुरंबा हा शब्द बिनधास्त वापरावा. तुम्हाला काय वाटतं?

—

दादा शब्द आवडला पण एक शंका, मित्राच्या आईने केलेला तो नक्की मुरंबा होता की साखरांबा? आमच्याकडे सदाशिव पेठेत किसलेल्या कैरीचा तो साखरांबा, फोडींचा तो मुरंबा आणि गुळातला गुळांबा, यात गल्लत केली तर आजी जेवताना थांबून दुरुस्त करायची. घराघरात हे बदलतं हे मान्य. पण मार्मलेडमध्ये सालीचे काप असतात ना, मग काप आहेत म्हणून मुरंबाच बरोबर. आणि अजून एक, मुरब्बी माणूस म्हणतो तो शब्दही याच घरातला. अरबीत मुरब्बी म्हणजे जोपासणारा. आपण मात्र दोन्हीत मुरणे ऐकतो, लोणचं मुरतं तसा माणूस मुरला.

—

ताई, मुरब्बीचं माहीत नव्हतं, फार आभार!! आणि हो, किसाचाच होता, म्हणजे साखरांबा, चूक कबूल. त्यावरून आठवलं, किसाचा फायदा असा की तो जिनमध्ये पटकन मिसळतो. मात्र बर्फ घालायच्या आधी मिसळायचा, कारण गारठ्यात दोनतारी पाक घट्ट होऊन तळाशी बसतो, पहिला ग्लास त्यामुळेच फुकट गेला. आधी चमच्याने नीट ढवळायचं, मग बर्फ, मग शेकर, आणि ओतताना चहाच्या गाळण्यातून परत गाळायचं नाहीतर किस दातात येतो. आमच्या साखरांब्यात वेलदोडा होता तो जिनच्या वासाबरोबर जमला. जिनलाही वास ज्युनिपरचा, आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर म्हणून मिळतं तेच फळ, आणि जिन हे नावही त्यातूनच आलंय. साखरांबा गोड फार असतो म्हणून लिंबू २० मिली केलं आणि क्वांत्रो ५ मिलीनं कमी केलं.

आता शेक करणे ला काय लिहू ते सांगा. घुसळणे म्हटलं की रवी आणि ताक येतं. औषधाच्या बाटलीवर हलवा असं असतं, पण ते फार मवाळ वाटतं, इथे हात दुखेपर्यंत करायचं असतं.

—

हलवणेच ठेवा, पुढे जोरात लावा. घरी सगळे तेच म्हणतात. आणि बहिणीला संत्र्याचा मुरंबा असं पूर्ण लिहा, नुसता मुरंबा नको, म्हणजे ती कैरी शोधणार नाही.