मदत हवी आहे: मोत्याच्या शिंपल्यांची उन्हाळ्यातली मरतूक, दोष जिवाणूंचा की तापलेल्या पाण्याचा?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी,

शिरूरजवळ माझ्या मामाचं शेततळं आहे, त्यात तो गोड्या पाण्यातले मोती करतो. शिंपले लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस जातीचे. थंडीत सर्जरी (शिंपा किंचित उघडून आत मोत्याचं बीज, म्हणजे न्यूक्लियस, बसवणं) केलेली तुकडी छान तगली. मार्चअखेर न्यूक्लियस टाकलेल्या तुकडीत मात्र मरतूक थांबायला तयार नाही. मी पुण्यात प्राणिशास्त्रात एमएस्सी करतेय, त्यामुळे घरचे सगळे माझ्याकडेच बघताहेत.

आजारी शिंपला लगेच ओळखू येतो. शिंपा किंचित उघड्या राहतात आणि बोट लावलं की मिटायला वेळ लागतो, धडधाकट शिंपला कसा टचकन मिटतो. आतलं मांसल आवरण कडेपासून मागे सरकलेलं, फिकट, त्यावर बुळबुळीत थर. पुढच्या दिवशी वास सुटतो.

आता मला अडलेली गोष्ट. त्याच दिवशी सर्जरी झालेले काही शिंपले शेडनेटखालच्या सिमेंटच्या टाकीत आहेत. विहीर तीच, हात तेच, पण तिथे मरतूक अगदी किरकोळ. टाकीत दुपारी तीनला पाणी 28 अंश असतं. तळ्यात पिशव्या हातभर खोलीवर टांगल्यात, तिथे 33, आणि पहाटे 25.

मामा म्हणतो संसर्ग आहे, प्रतिजैविकाची पावडर टाकू. संसर्ग असेलही, पण जिवाणू तर थंडीतही पाण्यात होतेच ना? शिंपल्याला आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. जिवाणू गिळणाऱ्या रक्तपेशी आणि लायसोझाइमसारखी विकरं, एवढीच त्याची फौज. ती उष्णतेनं कमजोर पडते का? की जिवाणूच जास्त माजतात? आणि तळ्यात बर्फाच्या लाद्या सोडून काही उपयोग होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं, रोज शिंपले फेकावे लागताहेत आणि मामाचा धीर सुटत चाललाय.

खाडीवरचा

ताई, दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, म्हणून उन्हाळा जड जातो. पाणी गार असताना रक्तपेशी सुस्त असतात, ऊब वाढली की त्या चपळ होतात, आणि त्या जातीला मानवणारी मर्यादा ओलांडली की जिवाणू गिळण्याची ताकद घसरते. एरोमोनाससारखे जिवाणू मात्र त्याच उबेत भराभर वाढत राहतात.

पण "ऊन म्हणजे रोग" असं समीकरण मांडू नका. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर 1987 मध्ये मनिला तिसऱ्यांत तपकिरी कड्याचा रोग दिसला. तो व्हिब्रिओ टॅपेटिसमुळे होतो आणि गार पाण्यात जास्त बळावतो. पाणी 21 अंशांच्या आसपास गेलं की तिसऱ्यांची प्रतिकारशक्ती सुधारते. म्हणजे कोणता प्राणी आणि कोणता जिवाणू, यावर सगळं ठरतं.

तुमच्या तळ्यात आणखी एक शत्रू आहे, प्राणवायूची टंचाई. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसात. इकडे प्राण्याची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढत जाते. अंगावर ताजी जखम, श्वासाला कमी, मग लढायला बळ कुठून आणणार?

बर्फ अजिबात नको. पाण्याचा अचानक चढउतार हाच मोठा ताण असतो. तुमच्याकडे रोजचा आठ अंशांचा झोका आधीच चालू आहे.

तळ्यातला

मीही मोत्यांचीच शेती करतो, इंदापूर भागात. मे-जूनमध्ये सर्जरी करायचीच नाही, हे भुवनेश्वरच्या सीफाच्या (गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था) शिकवणीतच आहे, आणि आपल्याकडे मार्चअखेरचं ऊनही त्यातलंच धरा. पिशव्या मीटरभर खाली उतरवा. प्लास्टिक कागदाच्या तळ्यात वरचा थर फार तापतो. पिशव्यांच्या रांगांवर शेडनेट ताणा. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर पहाटे चालवा, प्राणवायू तेव्हाच सगळ्यांत कमी असतो.

पावडरीबद्दल: सर्जरीनंतर दहाएक दिवस शिंपले वेगळे ठेवतात, तेव्हा प्रतिजैविक वापरतात, ते ठीक. सगळ्या तळ्यात ओतू नका. पैसे पाण्यात जातील आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू मागे राहतील. मेलेला शिंपला मात्र दिसला की त्याच वेळी बाहेर काढा, तो कुजून शेजारच्या शिंपल्यांना घालवतो.

मुठाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. मामाशी फोनवर बोलले. पिशव्या आज संध्याकाळीच खाली जातील, शेडनेट शनिवारी मी आल्यावर ताणू. पावडर राहू दे म्हणाला, हे मला सगळ्यांत बरं वाटलं.

अजून एक विचारते. टाकीतल्या आणि तळ्यातल्या शिंपल्यांच्या रक्तपेशी मोजून बघायच्या आहेत. शिंपा मिटणाऱ्या स्नायूतून बारीक सुईनं हिमोलिम्फ, म्हणजे शिंपल्याचं रक्त, काढायचं आणि मोजणीच्या काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, एवढं विभागात जमेल. पण पेशी बाहेर काढल्या की लगेच एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि मोजणीच फसते. गोड्या पाण्याच्या शिंपल्यासाठी कोणी गोठणरोधक द्रावण वापरलंय का? समुद्री शिंपल्यांचं फार खारट, त्यात या पेशी आकसतील असं वाटतं. आणि शिरूर-रांजणगाव बाजूला कोणाकडे प्राणवायू मोजायचा मीटर असेल, तर दोन दिवसांसाठी मिळेल का? न्यायला मी स्वतः येईन.