प्रतिसाद : हॉवरक्राफ्ट की वेगवान बोट?

"एवढ्या पैशांत दोन-तीन वेगवान गस्ती बोटी येतील, हॉवरक्राफ्ट कशाला?" हा तटरक्षक दलाच्या हॉवरक्राफ्टवरच्या चर्चेत वर आलेला मुद्दा खोल पाण्यापुरता मला मान्य आहे. लाटा उंच झाल्या की हवेच्या उशीवर चालणाऱ्या हॉवरक्राफ्टचे हाल होतात, आवाज आणि इंधनाचा खर्च तर विचारूच नका. पण तटरक्षक दलाने ती ठेवली आहेत कुठे, ते बघा ना: कच्छच्या खाड्यांजवळ जखाऊला आणि तमिळनाडूत मंडपमला. ओहोटीला तिथे मैलोन्‌मैल चिखल नाहीतर वाळू उघडी पडते. बोटीचा पंखा तिथे रुततो. हॉवरक्राफ्टचा पंखा पाण्यात नसतोच; रबरी झालरीच्या आत दाबलेल्या हवेवर ते पाणी, चिखल, वाळू सगळ्यांवरून सरकत जातं.

मार्च २०२२ ची गोष्ट इथे कुणी काढली नाही, म्हणून लिहितो. श्रीलंकेतल्या टंचाईला कंटाळून निघालेल्या सहा जणांना धनुष्कोडीजवळच्या वाळूच्या बेटावर सोडून बोटवाला निघून गेला होता. त्यांत लहान मुलंही होती, आणि सावलीला झाड नाही की प्यायला पाणी नाही. तटरक्षक दलाने हॉवरक्राफ्ट नेऊन त्यांना मंडपमला आणलं. रामसेतूच्या त्या उथळ पट्ट्यात मोठी बोट जवळ जाऊच शकत नाही, मग तिथे किमतीची तुलना कशी करायची?

आणि हो, ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी सहा हॉवरक्राफ्टचा सुमारे ३८७ कोटींचा करार झाला, तो आपल्या गोव्याच्या चौगुले कंपनीशी. आराखडा ब्रिटिश ग्रिफन कंपनीचा असला तरी बांधणी इथे होणार, याचा मला मनापासून आनंद आहे.