शिकारी कुत्र्याचा जीपीएस पट्टा : दाट झाडीत रेंज किती मिळते? आणि तोच पट्टा गावी चालेल का?

झाडीवाट (प्रश्न)

उत्तर विस्कॉन्सिनमध्ये (अमेरिका) रफ्ड ग्राउज या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतो. त्याआधी पट्टा घ्यायचा आहे. कुत्री जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, अडीच वर्षांची, २४ किलो. साधारण ८० ते १५० मीटरच्या टप्प्यात काम करते. सध्या गळ्यात फक्त घंटा आहे. जागा म्हणजे राष्ट्रीय वनातली दहा-पंधरा वर्षांची अ‍ॅस्पेनची झाडी आणि खाली आल्डरची दलदल. पंधरा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि मोबाइलला रेंज जेमतेम.

१. मोबाइल नेटवर्कवरचा पट्टा घ्यावा की रेडिओवाला?
२. खोक्यावर '९ मैल' लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात किती धरायचे?
३. लोकेशन किती सेकंदांनी यावं असं सेटिंग ठेवावं?
४. भाऊ जत तालुक्यात असतो. मेंढरांच्या राखणीच्या कुत्र्यांसाठी त्यालाही असा पट्टा हवा आहे. इथून पाठवला तर चालेल का?

रेडिओवाला

पहिल्याचं उत्तर सरळ आहे : रेडिओवाला. जीपीएस पट्टा म्हटलं की उपग्रहच आपल्याला कुत्रा दाखवतो असं वाटतं, पण पट्टा उपग्रहाकडून फक्त ऐकतो. स्वतःची जागा ठरवली की ती तुमच्या हातातल्या यंत्राला कळवण्याचं काम वेगळ्या मार्गाने होतं. नेटवर्कवाल्या पट्ट्यात तो मार्ग म्हणजे मोबाइलचा टॉवर. टॉवर नसेल तर पट्ट्याला स्वतःची जागा माहीत असते, तुम्हाला नसते. गार्मिन कंपनीच्या अल्फासारखे शिकारी पट्टे थेट व्हीएचएफ रेडिओवर बोलतात. अमेरिकेत त्यासाठी एमयूआरएस या सर्वसामान्यांसाठीच्या रेडिओ सेवेच्या पाच वाहिन्या आहेत (१५१.८२, १५१.८८, १५१.९४, १५४.५७, १५४.६० मेगाहर्ट्झ). परवाना लागत नाही आणि ताकदीची मर्यादा २ वॅट.

आता ९ मैल, म्हणजे साडेचौदा किलोमीटर. इतक्या अंतरासाठी दोन्ही अँटेनांच्या मधे काहीच आड येता कामा नये. रेडिओचं क्षितिज काढायला उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ गुणिले ४.१२ केलं की किलोमीटर मिळतात. तुमच्या छातीशी धरलेलं यंत्र दीड मीटरवर, म्हणजे ५ किलोमीटर. कुत्रीच्या मानेवरचा अँटेना अर्ध्या मीटरवर, म्हणजे २.९. बेरीज झाली जेमतेम ८, आणि तीही पूर्ण सपाट, उघड्या माळावर. साडेचौदा गाठायला तुम्ही मधल्या जमिनीपेक्षा ८ मीटर उंच उभं राहायला हवं. त्यात ओली पानं आणि दाट खोडं सिग्नल खातात. तुमच्या झाडीत दीड-दोन किलोमीटर हिशेबात धरा. १५० मीटरवर काम करणाऱ्या कुत्रीला ते भरपूर आहे. उरलेली रेंज ती हरणामागे सुटली तर त्या दिवसासाठी.

रेंज कमी झाल्याची तक्रार असेल तर आधी पट्ट्याचा अँटेना बघा. या वाहिन्यांवर रेडिओलहरीची लांबी सुमारे दोन मीटर, तिचा चौथा भाग ४९ सेंटिमीटर. अँटेना साधारण तेवढा लांब असतो तो याच कारणाने. काटेरी झुडपात अडकतो म्हणून कापून आखूड करणारे लोक आहेत, ते अजिबात करू नका. सूर बिघडतो आणि रेंज निम्म्याच्याही खाली जाते. दुसरी कमजोर जागा म्हणजे बूड, जिथे तार यंत्रात शिरते. तिथे चिमटीत धरून हळूच वाकवा. वरचं प्लास्टिक पांढुरकं पडलं असेल किंवा केसासारखी चीर दिसली तर आत पाणी शिरून तार गंजते. वरून धड दिसणारा अँटेना आतून तुटलेला असतो. बदलून मिळतो, एक जादाचा गाडीत ठेवा.

पाऊलखुणा

तिसऱ्या प्रश्नाचं. कुत्री ताशी २० किमीने पळाली तर सेकंदाला साडेपाच मीटर जाते. २.५ सेकंदांच्या सेटिंगवर दोन नोंदींमध्ये ती १४ मीटर सरकते, १० सेकंदांवर ५५, ३० सेकंदांवर दीडशेच्या पुढे आणि २ मिनिटांवर साडेसहाशेच्या पुढे. पॉइंटरच्या कामाला २.५ किंवा ५ ठेवा. ३० सेकंदांवर ती पॉइंटवर (पक्ष्याचा वास लागून जागीच स्थिर) उभी राहिल्याचं कळेपर्यंत पक्षी उडालेला असतो. बॅटरी दिवसभर पुरते, चिंता नको. चार्ज फारच उतरला की आपोआप २ मिनिटांवर जाणारा 'रेस्क्यू मोड' असेल तर तो मात्र चालू ठेवा.

सकाळचा क्रम महत्त्वाचा आहे. गाडीतून उतरल्यावर पट्टा उघड्या आकाशाखाली, गाडीच्या टपापासून लांब ठेवून चालू करा. अल्फाच्या पट्ट्यावर हिरवा दिवा एकेकदा लुकलुकतो तोवर उपग्रह पकडलेला नसतो. दोन-तीनदा लागोपाठ लुकलुकला की पकडला. यात काही मिनिटं जातात. तोवर कुत्रीला गाडीतच राहू द्या. धावत्या कुत्रीच्या गळ्यात, झाडीखाली पहिली पकड मिळायला फार वेळ लागतो आणि नेमकी हीच घाई सगळे करतात.

मग हातातल्या यंत्राचा होकायंत्र कॅलिब्रेट करा, गाडी आणि बंदुकीपासून दूर जाऊन. तो चुकला असेल तर अंतर बरोबर आणि बाण भलतीकडे असा प्रकार होतो. लोक पट्ट्याला दोष देतात.

कुत्र्याचा प्रकार 'पॉइंटर' निवडलात तर ती थांबल्यावर यंत्र थरथरून सांगतं. थांबली म्हणजे पॉइंटच असं मात्र नाही, पाणी पितानाही थांबते. झाडीखाली ५-१० मीटरची चूक कायम धरायची, म्हणून स्थिर उभी कुत्री पडद्यावर इकडेतिकडे सरकताना दिसते. शेवटचे वीस मीटर डोळ्यांनी आणि कानांनीच.

म्हणून घंटा काढू नका. ती बंद पडली की तुमची मान त्या दिशेला आधीच वळलेली असते, पडदा बघायला नंतर सवड असते. फक्त घंटा वेगळ्या पट्ट्यावर गळ्याखाली लटकू द्या, अँटेनाला घासता कामा नये.

सह्यकडा

पट्ट्यात एअरटॅग टाकला तर? स्वस्त पडतो.

रेडिओवाला

@सह्यकडा, एअरटॅगमध्ये जीपीएस नसतं. ब्लूटूथच्या टप्प्यात कुणाचा तरी अ‍ॅपल फोन आला तरच तो जागा कळवतो. गावात हरवलेल्या कुत्र्याला उपयोगी, निर्मनुष्य जंगलात नाही.

पाऊलखुणा

बांधण्याबद्दल राहिलं. अँटेना मानेच्या वरच्या बाजूला, शेपटीकडे थोडा झुकलेला. पट्टा ढिला असला की जड भाग फिरून खाली येतो, अँटेना जमिनीकडे जातो आणि जीपीएसचं तोंडही खाली होतं. मानेच्या सर्वांत बारीक जागी एक बोट घट्ट बसेल इतका आवळा. १५ मिनिटं पळवून पुन्हा तपासा, केस दबले की पट्टा सैल होतो.

ट्रेनिंगचे (झटका देणारे) धातूचे खिळे वापरणार नसाल तर काढून ठेवा. वापरणार असाल तर रोज संध्याकाळी बोटांनी केस बाजूला करून त्वचा बघा. त्याच जागी सतत दाब राहिला की आधी लाल गोल डाग पडतो, मग ओलसर जखम होते, आणि हे विजेने नव्हे, दाबाने होतं. दिवसात १२ तासांच्या वर पट्टा ठेवायचा नाही, रात्री तर नाहीच. दलदलीतून आल्यावर पट्टा आणि मान दोन्ही गोड्या पाण्याने धुवा. चार्जिंगच्या चकत्यांवर हिरवट थर दिसला तर पेन्सिलचं खोडरबर घासलं तरी निघतो. नोव्हेंबरच्या थंडीत हातातलं यंत्र जॅकेटच्या आत ठेवा. आणि गोठलेला पट्टा तसाच चार्जरला लावू नका, शून्याखाली चार्ज केलं की लिथियम बॅटरी कायमची खराब होते.

माणदेशी

चौथा प्रश्न. तिकडून पाठवू नका. अमेरिकेत बिनपरवाना असलेल्या त्या पाच वाहिन्या भारतात बिनपरवाना नाहीत. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र (अल्फा २००आय त्यातलंच) तर बॅगेतसुद्धा नेऊ नका. दूरसंचार विभागाच्या आगाऊ परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, विमानतळांवर प्रवाशांना त्यावरून अटक झालेली आहे. अमेरिकेतले बरेच मोबाइलवाले पट्टे एलटीई-एमवर (छोट्या यंत्रांसाठीच्या वेगळ्या मोबाइल नेटवर्कवर) चालतात, तेही इथे भारतात बिनकामाचे.

जतच्या माळावर भावाने इथलाच सिमवाला ट्रॅकर घ्यावा. स्वस्तातले पुष्कळ ट्रॅकर फक्त टू-जीचे असतात. त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे टू-जी नाहीच. आधी कळप जिथे जिथे बसतो तिथे फोन धरून कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघा, मग सिम ठरवा. जिथे टॉवरच नाही तिथे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या बिनपरवाना वारंवारितेवरचे लोरा (कमी ताकदीत लांब पोचणारा रेडिओ) ट्रॅकर हा मार्ग आहे, पण त्याला वाड्यावर एक रिसीव्हर उंचावर बसवावा लागतो.

लांडग्या-बिबट्यासाठी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असेल तर ट्रॅकर त्या पत्र्याखाली बांधू नका, धातूखाली ना जीपीएस मिळत ना सिमची रेंज. वेगळ्या रुंद पट्ट्यावर, खांद्याच्या बाजूला बसवा. आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे भावाला माहीत असेलच. राखणीला अडचण नाही, पण वनखात्याच्या हद्दीजवळ चारणी असेल तर ट्रॅकर कशासाठी आहे ते वनरक्षकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

झाडीवाट

सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. बरोबरच्या माणसाच्या यंत्रावर माझी कुत्री दिसावी म्हणून काय द्यायचं? आणि सिग्नल पूर्ण गेला तर पहिली कृती कोणती?

रेडिओवाला

अल्फामध्ये दोन कोड असतात. ट्रॅक कोड द्या, त्याने फक्त दिसते. कंट्रोल कोड दिलात तर त्याच्या बोटाने तुमच्या कुत्रीला झटका बसू शकतो. तो कुणालाच देऊ नका. दोघांच्या कुत्र्यांना वेगवेगळा आयडी क्रमांक आहे ना तेही बघून घ्या, नाहीतर सिग्नल एकमेकांवर आदळतात.

सिग्नल गेल्यावर तिच्या मागे झाडीत धावू नका, खोलगटात उतरलात की तुमचीही रेंज जाते. शेवटची जागा खूण करून ठेवा आणि किती मिनिटांपूर्वीची आहे ते बघा. यंत्राचा अँटेना उभा धरून हात डोक्यावर न्या, जागच्या जागी हळू फिरा. दोन्ही अँटेना उभे असतील तेव्हाच सिग्नल नीट जुळतो. नाही मिळाला तर जवळच्या चढावर किंवा उंच रस्त्यावर जा. तिथे दहा मिनिटं थांबा, कुत्री अँटेनावर आडवी झाली असेल किंवा पाण्यात असेल तर तेवढ्यात उठते. गाडीत बसून शोधायचं तर टपावर चुंबकाचा बाहेरचा अँटेना लावा, बंद गाडीत यंत्राला फार कमी ऐकू येतं.

आणि निघण्याआधी विस्कॉन्सिन डीएनआरचा (राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा) लांडग्यांच्या सावधगिरीच्या भागांचा नकाशा बघा. शिकारी कुत्र्यांवर हल्ले झालेले टापू त्यात दाखवलेले असतात. तुमच्या झाडीचा तुकडा त्यात असेल तर त्या दिवशी दुसरीकडे जा.